अकरा लाखांची गाडी, चाळीस लाखांचे पार्ट

आमची जुनी विकत घेतलेली जर्मन गाडी दारात येऊन १२ ऑक्टोबर २०२५ला वर्ष झालं. वर्षभर मी तिची एक वेगळी वही ठेवली. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे हिशेबाची खोड आहेच. यंदा दिवाळीत ओळखीतल्या तिघांनी "आम्हीपण अशीच एखादी जुनी बघतोय" म्हणत ती वही मागितली, तेव्हा वाटलं की सगळंच एकदा लिहून काढावं.

कोणत्या कंपनीची गाडी ते लिहीत नाही. जर्मन, दोन लिटर डिझेल, ऑटोमॅटिक, वर काचेचं छत, डिसेंबर २०१५चं रजिस्ट्रेशन. एवढं पुरे. दहा वर्षांच्या गाडीची दुखणी बरीचशी वयाची असतात.

सुरुवात झाली सासूबाईंच्या गुडघ्यांपासून. ऑगस्ट २०२४मध्ये दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमच्या छोट्या गाडीतून त्यांना उठवायला दोघे लागायला लागले. महिन्यातून एकदा पुण्याहून कराडला जाणं ठरलेलं. उंच सीटची गाडी हवी होती, हे खरं. पण तशी बारा लाखांत नवीकोरी मिळते, हेही खरं, आणि ते आम्हाला माझ्या भावापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी सांगितलं. तेव्हा खरं सांगते, गुडघे हे निमित्त होतं. नवऱ्याला ही गाडी कॉलेजात असल्यापासून हवी होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, वहीत लिहिलंय.

आमचा शोध बीएमडब्ल्यूची एक्स-वन, ऑडीची क्यू-थ्री आणि मर्सिडीजची जीएलए या तिघींभोवती फिरत होता. भारतात पहिली आली २०१०च्या शेवटी, दुसरी २०१२ला, तिसरी २०१४ला. म्हणजे आठ-दहा वर्षांच्या गाड्या बाजारात भरपूर. नवी असताना रस्त्यावर यायला चाळीस लाखांच्या आसपास लागलेली गाडी २०२४मध्ये दहा ते तेरा लाखांत. दिल्ली पासिंगच्या तर तेव्हा त्याहूनही स्वस्त, कारण तिकडे हरित लवादाच्या २०१५च्या आदेशाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या निर्णयाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना रस्ता बंद झाला, आणि नऊ वर्षांच्या गाड्यांनी दक्षिणेची वाट धरली. आम्हाला एक सव्वानऊ लाखांत मिळत होती. पण तिथली एनओसी आणायची, इथला रोड टॅक्स वेगळा भरायचा, नवा नंबर घ्यायचा, आणि गाडीचा मागचा इतिहास विचारायला ओळखीचं कुणी नाही. सोडली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बाणेरच्या एका गृहस्थांची गाडी पाहिली. पहिलेच मालक, ७१,००० किलोमीटर, मागणी १२ लाख ७५ हजार. पितृपक्ष सुरू होता. "आठ दिवसांत तुम्ही पहिलेच आलात," ते म्हणाले, आणि नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. घासाघीस करायची असेल तर पितृपंधरवड्यासारखा काळ नाही. ११ लाख ४० हजारांवर ठरलं. सासूबाईंनी एकच अट घातली, घटस्थापनेआधी एक रुपया द्यायचा नाही. ३ ऑक्टोबरला २५,००० टोकन दिलं आणि दसऱ्याला गाडी आणली.

टोकन देण्याआधी आम्ही तीन गोष्टी केल्या, त्यातल्या दोन नीट आणि एक अर्धवट.

पहिली म्हणजे नऱ्ह्याच्या एका मेस्त्रींकडून तपासणी. आधी एका शोरूमला बारा वर्षं काम केलेले, आता स्वतःचं गॅरेज. ३,५०० घेतले आणि दोन तास गाडी लिफ्टवर ठेवून खालून बॅटरी मारत बसले. त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "मालकांना म्हणावं, सकाळी सात वाजता येतो, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." गरम इंजिन चांगलंच वागतं, आवाज ऐकायचे ते थंड असतानाच. दुसरी, ई-चलनं. ॲपवर नंबर टाकला तर चार निघाली, ६,५०० रुपयांची, त्यांतली दोन द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांची. मालकांनी लगेच भरली. तुम्हीही सह्यांच्या आधीच बघा, नंतर त्या पैशांसाठी फोन करायला जड जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे सर्व्हिसची नोंद. मालकांच्या संमतीने चासी नंबरवरून शोरूममधून कागद काढला. ६४,००० किलोमीटरपर्यंत सगळं छापील होतं, त्यापुढे दोन वर्षं काहीच नाही. "बाहेर करून घेतली," असं ते म्हणाले. बिलं नव्हती. तिथेच आम्ही थांबायला हवं होतं, किंवा निदान आणखी पंचवीसेक हजार कमी करायला हवे होते. पण गाडीच्या आत बसून झालं होतं, आणि एकदा आत बसलं की डोकं बाहेरच राहतं.

मेस्त्रींनी तपासणीचा कागद देताना जे सांगितलं ते वहीच्या पहिल्या पानावर आहे. "ताई, ही गाडी अकरा लाखांची नाही. चाळीस लाखांचीच आहे, तुम्हाला अकराला मिळाली. पार्टवाल्याला ते माहीत नसतं." मग म्हणाले, पहिल्या वर्षासाठी दोन-अडीच लाख बाजूला काढून ठेवा, आणि ते जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी तुम्हाला दुसरी गाडी शोधून देतो. आम्ही एफडी मोडली नाही, पण मोडायला लागेल याची तयारी केली.

आता कागदपत्रं. यात दहा आठवडे गेले आणि त्यातले काही आमच्या चुकीमुळे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, अजून बँकेचा बोजा दिसत होता. मालकांनी कर्ज २०२०लाच फेडलं होतं, पण बोजा उतरवायचा अर्ज कधी केलाच नव्हता. बँकेने दिलेली जुनी एनओसी चालेना, मुदत संपलेली. नवी मिळवायला त्यांना दोनदा शाखेत जावं लागलं. मग बोजा उतरवायचा फॉर्म ३५, दोन प्रती, बँकेच्या सही-शिक्क्यासह. तो बोजा उतरेपर्यंत मालकी हस्तांतराचा अर्ज पुढे सरकत नाही. हे ॲपवर गाडीचा नंबर टाकल्यावर पाच मिनिटांत कळलं असतं. आम्ही तिथे फक्त नाव आणि विमा पाहिला.

५ नोव्हेंबरला बोजा उतरला. मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० परिवहनच्या साइटवर भरले. हस्तांतराची फी ३०० आणि स्मार्ट कार्डाचे २००. एजंटने सगळ्याचे साडेसहा हजार सांगितले होते. संगम पुलाजवळच्या आरटीओ कार्यालयात दोन फेऱ्या झाल्या, एक कागदांसाठी आणि एक विकणाऱ्यांच्या सहीत फरक आहे म्हणून. खिडकीपलीकडच्या बाईंनी न चिडता दाखवलं की फॉर्मवर इंग्रजी सही आहे आणि जुन्या कागदावर मराठी. २९ तारखेला मंजुरीचा मेसेज आला, २१ डिसेंबरला पोस्टाने आरसी.

विम्याचं मात्र थांबवून चालत नाही. मालकी बदलली की चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवायचं. कायद्याने थर्ड पार्टी विमा आपोआप तुमच्याकडे येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर नाही. तो फरक आम्ही ६,१५० भरला. जुन्या मालकांचा फास्टॅगही त्यांनाच बंद करायला लावा. आमच्या पहिल्या दोन कराड फेऱ्यांचा टोल त्यांच्या खात्यातून गेला आणि मग लाजत जीपे करावं लागलं.

गाडी आल्याबरोबर पहिली सर्व्हिस केली. मागची दोन वर्षं काय घातलंय ते माहीत नसताना जुन्या तेलावर चालवायचं नाही, असं मेस्त्रींनी बजावलं होतं. इंजिन ऑइल, शिवाय तेल, हवा, डिझेल आणि एसी असे चारही फिल्टर, मिळून १७,४०० रुपये. तेल कुठलंही चालत नाही, मॅन्युअलमध्ये जो मंजुरीचा नंबर छापलेला असतो तोच डब्यावर असावा लागतो.

नोव्हेंबरमध्ये गाडी सिग्नलवरून निघताना हिसका द्यायला लागली. दुसऱ्यातून पहिल्यात उतरताना टक् असा आवाज. मी घाबरून थेट अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठलं. तपासणीचे ३,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ४,१३०. दोन दिवसांनी फोन आला, गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट बदलावा लागेल, ३ लाख ४० हजार. मी त्या दिवशी नववीच्या वर्गात त्रैराशिक शिकवताना फळ्यावर चुकले.

मेस्त्रींनी आधी एकच विचारलं, "गिअरचं तेल कधी बदललंय?" नोंद नव्हतीच. या ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या गिअरबॉक्सचं तेल साधारण ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, आणि ते बाहेर करून घेतलेल्या सर्व्हिसमध्ये हमखास राहून जातं, कारण महाग पडतं. तेल आणि फिल्टर बदलला, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या कपलिंगचंही तेल बदललं, त्याची जाळी गाळाने भरलेली होती. मग स्कॅनर लावून गिअरबॉक्सला क्लचची नव्याने ओळख करून दिली, त्याला अडॅप्टेशन म्हणतात. सगळे मिळून ३३,८००. हिसका गेला. सर्व्हिस सेंटरने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पद्धतीत दुरुस्ती म्हणजे अख्खा भाग बदलणं, आणि नव्या गाडीला ते शोभतं. पण एक लाखावरचा आकडा कुणीही सांगितला की दुसरं मत घ्या, डॉक्टरच्या बाबतीत घेतो तसं.

डिसेंबर ते फेब्रुवारीचं पटकन सांगते. टायर चारही बदलले, ५४,०००. नक्षी चांगली होती म्हणून आम्ही खूश होतो, पण टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचायला शिकलो तेव्हा कळलं, २२१७, म्हणजे २०१७चा बाविसावा आठवडा. सात वर्षांचं रबर. जानेवारीत बॅटरी, २१,५००. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही, आणि नवी बसवल्यावर तसं गाडीच्या संगणकाला स्कॅनरने कळवावंही लागतं. रस्त्यावरच्या बॅटरीवाल्याकडे हे होत नाही. फेब्रुवारीत पुढून खडखड, चाकांना धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश आणि लिंक रॉड, १९,२००. हे मी सिंहगड रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या खात्यावर टाकते.

आणि मग एप्रिल.

शनिवार होता, सकाळी निघायचं ते साडेअकरा झाले. खंबाटकीचा घाट चढताना, मागे सासूबाई, पुढे उसाचा ट्रक, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी. नवरा म्हणाला, साताऱ्याला बघू. दोन वळणांनी दिवा लाल झाला आणि तापमानाचा काटा मध्यावरून सरकला. मेस्त्रींनी कधीतरी सांगितलेलं आठवलं, तापमान चढलं तर एसी बंद, हीटर फुल. बाहेर उन्हाची काहिली आणि आम्ही गाडीत हीटर लावलेला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझं काय पापड भाजायचंय का?" पण काटा जागच्या जागी थांबला, आणि रुंद जागा दिसेपर्यंत आम्ही पोचलो.

बॉनेट उघडलं तर गोडसर वास आणि एका बाजूला गुलाबी ओघळ. इथे दोन गोष्टी करू नका. कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका, चेहरा भाजतो. आणि "हळूहळू जाऊ" म्हणून पुढे नेऊ नका. इंजिनाचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, उष्णतेने वाकतं, आणि मग बिल अडीच-तीन लाखांपासून सुरू होतं. आम्ही फोन लावून सावलीत बसलो. विम्यातल्या रस्त्यावरच्या मदतीत टोइंग ठरावीक किलोमीटरपर्यंतच होतं, पुण्यापर्यंत नाही. पहिला आलेला टोवाला पुढची चाकं उचलून ओढत न्यायला निघाला. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीला तसं ओढलं तर कपलिंग जातं. तिला सपाट पाठीचीच गाडी लागते, चारही चाकं जमिनीवरून वर. ती यायला अडीच तास लागले, ७,५०० रुपये. सासूबाईंना भाच्याने साताऱ्याहून येऊन नेलं. मी आणि नवरा टोच्या केबिनमध्ये, तिघांत एक कलिंगड.

निदान असं झालं की पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर, दोन्ही चिरलेले. हा या वर्गातल्या गाड्यांचा जुना आजार आहे, कितीतरी ठिकाणी धातूऐवजी प्लॅस्टिक, आणि दहा उन्हाळ्यांनंतर ते बिस्किटासारखं होतं. पंपापर्यंत पोचायचं तर बेल्ट काढावाच लागतो, म्हणून बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनरही त्याच वेळी नवे टाकले. लेबर एकदाच पडतं. पार्टांसाठी तीन भाव काढले. कंपनीच्या डब्यातले सर्वांत महाग. त्याच कारखान्यात बनलेले पण कंपनीचा शिक्का नसलेले साधारण चाळीस टक्क्यांनी स्वस्त. आणि कुर्ल्याच्या बाजारात जुन्या गाड्यांतून काढलेले. नवऱ्याला कुर्ल्याचा मोह झाला. मेस्त्री म्हणाले, "आरसा आणा, दरवाजा आणा, सीट आणा. रबर, प्लॅस्टिक आणि फिरणारी वस्तू जुनी आणायची नाही." मधला पर्याय घेतला. कूलंट धरून ६३,६००. सर्व्हिस सेंटरचा अंदाज १ लाख ३८ हजार होता. पार्ट यायला अकरा दिवस लागले, तेवढे दिवस रिक्षा.

त्याच वेळी मेस्त्रींनी पुठ्ठ्याची युक्ती दिली. रोज रात्री इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा टाकायचा आणि सकाळी बघायचा. काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल, गुलाबी म्हणजे कूलंट, स्वच्छ पाणी म्हणजे एसी. आमच्या पार्किंगमध्ये टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा तेव्हापासून पडलेला असतो. शेजारच्या काकूंना वाटतं आम्ही मांजरासाठी टाकतो.

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला. २८ तारखेला गाडीचं दार उघडलं तर ओल्या पोत्याचा वास. पुढच्या पायाखालचं कार्पेट दाबलं की पाणी वर येत होतं. काचेच्या छताच्या चारही कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या सोसायटीतल्या गुलमोहराच्या पाकळ्यांनी आणि धुळीने बुजल्या होत्या. नळ्या साफ, कार्पेट उचलून वाळवणं, ३,८००. स्वस्तात सुटलो, कारण काही गाड्यांत त्या कार्पेटखालीच इलेक्ट्रॉनिक डबे बसवलेले असतात आणि ते भिजले की साठ-सत्तर हजार जातात. आता पावसाळ्याआधी छत उघडून कोपऱ्यांत थोडं थोडं पाणी ओतून बघते, खाली चाकामागून निघालं की नळी मोकळी. झाडाखाली लावू नका हेही खरं, पण पुण्यात पार्किंगला निवड कुठे असते.

ऑगस्टमध्ये ब्रेक. पुढच्या डिस्क, चारही चाकांचे पॅड आणि त्यांचे सेन्सर, २७,५००. ही अपेक्षित झीज होती, तिचं दुःख नाही. त्याच सुमारास नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लावून घेतली, एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची झाली आहे, ७४५ अधिक जीएसटी. या एका कामात आमच्या गाडीला आणि वॉचमनच्या भावाच्या अल्टोला सारखेच पैसे पडले.

वहीची बेरीज २ लाख ५२ हजार ४३०. यात सर्व्हिस सेंटरच्या तपासणीचे आणि टोचेही धरलेत. डिझेल, विमा, नंबर प्लेट आणि खरेदीआधीची तपासणी धरलेली नाही. खरेदीच्या किमतीच्या बावीस टक्के. मेस्त्रींनी अडीच लाख सांगितले होते. हा माणूस माझ्या वर्गात असता तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

पुढचं वर्ष एवढं महाग नसेल असं ते म्हणतात, कारण साठलेली थकबाकी फिटली आहे. शॉकअप मात्र मार्चपर्यंत लागतील, त्यासाठी दरमहा पाच हजारांचं आरडी सुरू केलंय. कंपनीने परत बोलावलेला एखादा भाग आहे का, हे चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या. तसलं काम मालक कितवाही असला तरी फुकट होतं. आमच्या गाडीचं एक छोटं काम तसं निघालं आणि करून मिळालं, कॉफीसकट.

विकायची का, असं नवऱ्याने जुलैत एकदा विचारलं होतं. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि म्हणाला, म्हणजे आता विकली तर या सगळ्याचा फायदा दुसऱ्याला. तो विषय तिथेच थांबला.

सासूबाई गेल्या रविवारी कराडला जाताना खंबाटकीच्या त्याच वळणावर म्हणाल्या, "हीटर लावू नका गं." गाडी गप्प चढली. आज सकाळी पुठ्ठा पाहिला. डाग नव्हता. सोसायटीचं मांजर खरंच त्यावर झोपलं होतं.